डावा पाय पुढे

त्या घरात मी भाडेकरू म्हणून काढलेली वर्षं मला सलग आठवत नाहीत. पहाटेच तेवढ्या आठवतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीचे कॉम्प्युटर तिथल्या दिवसा बिघडायचे आणि ते निस्तरायला मी इथे रात्रभर जागायची. ऑफिसची गाडी मला विश्रांतवाडीला आणून सोडायची तेव्हा जग उठत असायचं आणि मी अर्धी झोपेत असायची. अशा अवस्थेत पाहिलेल्या गोष्टींवर माझा माझाच विश्वास बसत नाही, तर तुम्ही ठेवावा असा आग्रह कसा धरू? तरी सांगते.

काका मला पहिल्यांदा गाडीच्या काचेतून दिसले. आळंदी रस्ता सोडून गाडी आत वळली की एक मोकळं मैदान लागायचं. त्याच्या पलीकडच्या टोकाला चिंचेचं एक जुनं झाड. थंडीचे दिवस होते, धुकं जमिनीलगत साचलेलं होतं, आणि त्यात माकडटोपी, स्वेटर, लेंगा अशा वेषात एक म्हातारा चिंचेच्या दिशेने ताटली फेकत होता. ताटली तरंगत निघाली. निम्म्या वाटेत तिचा विचार बदलला, ती भलत्याच बाजूला वळली आणि धुक्यात बुडाली. म्हातारा तिच्यामागे सावकाश चालत गेला आणि तोही बुडाला.

"तुम्हांला दिसलं का?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"मॅडम, झोपा," तो म्हणाला.

घरी येऊन मी जिना चढतेय तोवर तीच माकडटोपी फाटकातून आत आली. हातात नारिंगी रंगाची प्लास्टिकची तबकडी. तेव्हा कळलं की हे आपले घरमालक. खोली मला काकूंनी दाखवली होती. काकांची गाठ पडली नव्हती.

"तुम्ही त्या अमरावतीच्या ना?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अहो विदर्भ, तुमची गाडी मैदानापाशी उगाच हॉर्न वाजवते. रिजेक्ट."

त्या दिवसापासून माझं नाव विदर्भ पडलं. मी तिथे होते तोवर त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही आणि एकेरीवरही कधी आले नाहीत. "अहो विदर्भ, पाणी जपून," "अहो विदर्भ, तुमचं पार्सल." सगळी वऱ्हाडभूमी वरच्या खोलीत भाड्याने राहतेय असं वाटायचं.

काका खडकीच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मापाला लावून बघायचा; बसला तर पांढऱ्या खडूची खूण, नाही बसला तर लाल फुली. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं आणि निवृत्तीनंतर ते थांबवावं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सदऱ्याच्या खिशात दोन्ही खडू कायम असत. हलक्या दुधाच्या पिशवीवर लाल फुली. गळक्या नळावर लाल फुली. एकदा माझ्या स्कूटीच्या मागच्या टायरवर फुली दिसली; मी दुर्लक्ष केलं आणि त्याच आठवड्यात ते टायर विमानतळाच्या रस्त्यावर बसलं. काकूंच्या पोळ्यांवर खडू चालत नसे म्हणून तिथे नुसतं तोंडी काम चालायचं.

"आज कड जाड आहे," काका म्हणायचे.

"मग कारखान्यात जाऊन जेवा," काकू म्हणायच्या. "तिथे पातळ मिळेल. लोखंडाची."

काकू काकांच्या वरताण होत्या. आवाज न चढवता माणसाला जागच्या जागी बसवायचं कसब त्यांच्याकडे होतं. पण रविवारी सकाळी फोन वाजला की त्या गप्प होत. मुलाचा फोन असायचा, अमेरिकेहून. पहिला हक्क काकांचा. ते ताठ उभे राहून बोलत.

"हॅलो. हं. बरी आहे. तिकडे हवा कशी आहे? असं. बरं, आईला देतो."

बस्स. 'आईला देतो' म्हटल्यावर रिसीव्हर काकूंकडे जायचा आणि काका बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसायचे. आत काकू हसायच्या, रडायच्या, रेसिपी सांगायच्या. मी सुट्टीच्या दिवशी वरून हे ऐकत असे. काकांचा चेहरा त्या वेळी शाळेबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा असायचा.

"भांडण वगैरे झालंय का?" मी एकदा काकूंना विचारलं.

"भांडायला आधी बोलावं लागतं," काकू मेथी निवडत म्हणाल्या. "ह्यांना त्याच्याशी बोलायचं असतं गं. खूप असतं. पण तपासण्यापलीकडे कधी काही बोललेच नाहीत त्याच्याशी. आता एवढ्या लांबून काय तपासणार? मग हवामान विचारतात."

ताटल्या आल्या होत्या त्या यातूनच, मी राहायला यायच्या थोडं आधी. एका रविवारी हवा विचारून झाल्यावर काकांनी सगळा धीर एकवटून आणखी एक प्रश्न विचारला, "रविवारचं करतोस काय?" मुलगा म्हणाला, एक खेळ खेळतो. बागेत लांबलांब साखळ्यांच्या टोपल्या उभ्या केलेल्या असतात. तबकड्या फेकत फेकत त्यांच्यात पोचवायच्या. गोल्फसारखंच, फक्त चेंडू आणि काठी नाही. काही महिन्यांनी त्याच्या एका मित्राबरोबर सामान आलं. काकूंना स्वेटर, व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि तळाशी नारिंगी, पांढऱ्या अशा काही तबकड्या. त्या कुणासाठी हे मुलाने लिहिलं नव्हतं. काकांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदानावर होते.

खेळ यायला लागला तर मुलाशी बोलायला विषय मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. पुढचे बरेच रविवारही हवेतच गेले, मग एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "त्यात पायाचं कसं असतं?" आणि मुलगा बोलायला लागला. डावा पाय पुढे. डावा खांदा टोपलीकडे, म्हणजे काकांसाठी झाडाकडे. मग पाठ फिरवायची, पूर्ण, आणि तबकडी छातीजवळून सरळ ओढत आणायची. काका प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होते, वरिष्ठांचा हुकूम घ्यावा तसे. त्या दिवशी 'आईला देतो' यायला इतका उशीर झाला की काकूंचा चहा निवला आणि त्यांनी तो तसाच आनंदाने प्यायला.

मला यात ओढलं ते ताटल्या वेचायला. पुढे काकांच्या लक्षात आलं की दुसऱ्याला शिकवल्याशिवाय आपल्याला पाठ होत नाही, म्हणून मला बढती मिळाली. गाडी मला मैदानापाशीच सोडायला लागली. रात्रभर जागलेले डोळे, पायाखाली दवाने ओलं गवत, कुठूनतरी भूपाळी आणि कुठूनतरी आळंदीची पहिली बस. घरी जाऊन झोपायचं सोडून मी तिथे का थांबायची हे मला सांगता येणार नाही. रात्रभर मी परक्या लोकांच्या चुका शोधलेल्या असत. इथे कुणाचं काहीच अडलेलं नसायचं.

"अंगठा वर. चार बोटं कडेखाली, दुमडून," काका सांगायचे. "आवळू नका, विदर्भ. चिमणी धरलीय असं समजा. पण उडून जाईल इतकीही सैल नको. हं. आता ताटलीत आमटी आहे."

"आमटी?"

"काठोकाठ. ओढताना, सोडताना, गेल्यावरसुद्धा, थेंब सांडता कामा नये. आडवी राहिली तर ती हवेवर बसते. कलली की संपलं."

ही आमटी त्यांची स्वतःची, मुलाच्या सूचनांत नव्हती. मैदानभर मग एकच आरोळी चालायची, "आमटी सांडली!" फिरायला येणारी मंडळी आमच्यापासून अंतर राखून चालू लागली. ताकद लावू नका, वेळ लावा, असंही ते म्हणायचे. कंबर आधी वळते, मग खांदा, मग कोपर, आणि हात सगळ्यांत शेवटी निघतो. हाताने घाई केली की बाकीचे रुसतात. ऐकायला फार छान वाटायचं. पण आमच्या दोघांच्याही ताटल्या चिंचेकडे जात नव्हत्या. सगळं सांगितल्याप्रमाणे करूनही अंग मध्येच अडकायचं, हाताला जागाच उरायची नाही, आणि ताटली कशीबशी सुटून पडायची.

काकांना वाटलं, दोष मालात आहे. प्लास्टिक हलकं पडतंय. म्हणून ते कसबा पेठेत एका तांबटाकडे गेले आणि त्याच मापाची तांब्याची ताटली घडवायला सांगितली. मी बरोबर होते. तांबटाने नमुना उलटासुलटा करून पाहिला.

"झाकण आहे का? कशावर बसवायचं?"

"हवेवर," काका म्हणाले.

तांबटाने माप लिहून घेतलं. ती तांब्याची ताटली एकदाच उडाली. चिंचेऐवजी मैदानाकडेच्या रसवंतीच्या पत्र्यावर अशी काही आदळली की सगळी आळी गॅलरीत आली. पुढे कित्येक वर्षं काकूंच्या दुधाच्या पातेल्यावर ती झाकण म्हणून होती. "इथे बरोबर बसते बघा," त्या काकांना ऐकवायच्या.

चूक माझ्या लक्षात आली ती ऑफिसात, काम थंडावलेलं असताना. इंटरनेटवर त्या खेळाचे फोटो होते. माणसं ताटली फेकताना, एकामागून एक. मी नुसती बघत होते आणि हळूहळू काहीतरी खुपायला लागलं. सगळ्यांचा उजवा पाय पुढे होता. उजवा खांदा टोपलीकडे.

पहाटे मी काकांना सांगितलं.

"इंटरनेट रिजेक्ट," ते म्हणाले. "चिरंजीवांनी स्वतः सांगितलंय, डावा पाय पुढे. तो चुकीचं सांगणार नाही. माझ्या हाताखाली वाढलाय."

मी वाद घातला नाही. उजवा पाय पुढे ठेवला, चिंचेकडे पाठ केली, आमटीचा विचार केला आणि ओढली. ती कशी गेली ते अजून माझ्या हाताला आठवतं. सुटताना तिने बोटांना किंचित हिसका दिला आणि मग ती माझी उरलीच नाही. धुक्यावरून सपाट, आवाज न करता गेली आणि चिंचेच्या बुंध्याला लागली. मी आनंदाने किंचाळले.

"पुन्हा," काका म्हणाले.

पुन्हा तसंच झालं. काका खाली, स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. मी आपली खुशीत, जिभेला हाड नसल्यासारखी बोलून गेले, "काका, तुमचा मुलगा डावखुरा आहे का हो? डावखुऱ्याचा असेल डावा पाय पुढे."

त्यांनी डावा पाय मागे घेतला.

"होता," ते म्हणाले. "मी राहू दिला नाही."

मग ते चालत चिंचेपाशी गेले आणि मुळावर बसले. त्या दिवशी ताटल्या मी एकटीनेच वेचल्या.

बाकीचं काकूंनी सांगितलं. मुलगा डाव्या हाताने घास घ्यायचा, डाव्या हाताने पेन्सिल धरायचा. तशीच सवय असलेल्या एका कामगाराची बोटं काकांच्या डोळ्यांदेखत यंत्रात गेली होती. यंत्रं सगळी उजव्या हाताची. त्या दिवसापासून त्यांनी धास्ती घेतली. मारलं नाही कधी. रोज जेवणाआधी मुलाला डावा हात पुढे करायला सांगायचे आणि तळव्यावर लाल खडूने फुली काढायचे. जेवण होईपर्यंत फुली पुसली गेली नाही तर पास. तो हात मांडीवर उताणा ठेवून पोर जेवायचं.

"हळूहळू उजव्याने सगळं करायला लागला," काकू म्हणाल्या. "आणि बोलायचा कमी झाला. दोन्हींचा संबंध आहे की नाही, देव जाणे. मी तेव्हा काही बोलले नाही, हेही खरंच."

म्हणजे समुद्रापलीकडे, जिथे ताटात डोकावणारं कुणी नव्हतं, तिथे मुलाने आपला हात परत घेतला होता. फोनवर त्याने बापाला पाय सांगितला, खांदा सांगितला, कंबर सांगितली. हात तेवढा सांगितला नाही. त्या घरात हाताविषयी बोलायचं नसतं हे त्याचं अंग अजून विसरलं नव्हतं.

मला वाटलं, काका आता खेळ सोडतील. काही दिवस ते आलेही नाहीत. मग एका पहाटे मी गाडीतून उतरले तर माकडटोपी धुक्यात उभी. ताटली डाव्या हातात.

त्यांचे ते महिने मी कधी विसरणार नाही. काका सगळंच डाव्या हाताने करायला लागले. दाढी करताना हनुवटीला कापसाचे बोळे. चहा कपात कमी आणि लेंग्यावर जास्त. "या वयात परत बाळ झालात वाटतं," काकू म्हणाल्या, पण कप पुसून पुन्हा भरून दिला आणि दिला तो डाव्या बाजूला. मैदानावर ताटली त्यांच्या पायाशीच पडायची. मी धावून उचलायला गेले की ते हात करून थांबवायचे आणि स्वतः वाकायचे.

"विदर्भ," एकदा ते म्हणाले, "हात आपलाच असतो आणि ऐकत नाही. कसं वाटतं माहितीये? आपण मूर्ख आहोत असं वाटतं. मी एवढा घोडा झालोय तरी वाटतं. तो सात वर्षांचा होता."

 मी म्हटलं, "त्यांना फोनवर सांगा ना हे."

"फोनवर हात दिसत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा चिंचेकडे पाठ करून उभे राहिले.

त्या थंडीत चिरंजीव आले. कानशिलं पांढरी होऊ लागलेला, उंच, फार सभ्य माणूस. बापलेक समोरासमोर पेपर वाचत बसायचे आणि पानांची अदलाबदल करायचे. इतकंच. जेवताना मी मुद्दाम पाहिलं. तो उजव्या हाताने जेवत होता, व्यवस्थित, डावा हात मांडीवर ठेवून. काकाही पाहत होते. त्यांनी पोळीच्या कडेबद्दल चकार शब्द काढला नाही.

रविवारी पहाटे मी मैदानापाशी उतरले तेव्हा दोघं तिथे होते. काका थोडंफार खेळतात, एवढं काकूंनी मुलाला सांगितलं होतं. त्याने स्वतःची निळी ताटली आणली होती. "तू टाक आधी," काका म्हणाले. त्याने ती उजव्या हातात घेतली. उजवा पाय पुढे ठेवला आणि फेकली. दर रविवारी खेळणाऱ्या माणसाची ती फेक नव्हती. ताटली कलली, वळली, गवतात पडली.

"बऱ्याच दिवसांत खेळलो नाही," तो ओशाळं हसून म्हणाला. माझा जीव इतका तुटला की मी दुसरीकडे बघायला लागले.

काकांनी माकडटोपी काढली. स्वेटर काढला. नारिंगी ताटली डाव्या हातात घेतली, डावा पाय पुढे टाकला आणि चिंचेकडे पाठ केली. त्यामुळे क्षणभर त्यांचं तोंड आमच्याकडे झालं. इतका घाबरलेला म्हातारा मी आजवर पाहिलेला नाही. मग कंबर वळली, खांदा वळला, कोपर आलं, आणि सगळ्यांत शेवटी हात. ताटली सपाट निघाली. फार लांब गेली नाही, चिंचेच्या खूप अलीकडे उतरली. पण रेषेत. आमटीचा थेंब सांडला नाही.

"बाबा, डाव्या हाताने?" मुलगा म्हणाला.

"तूच सांगितलंस," काका म्हणाले. "डावा पाय पुढे, डावा खांदा झाडाकडे. हात सांगायचा राहिला होता. मला जरा उशिरा कळला."

मुलगा गवतात जाऊन निळी ताटली घेऊन आला. येताना ती त्याच्या डाव्या हातात होती. तो उभा राहिला आणि मला वाटलं, हा माणूस आल्यापासून दुसऱ्याच्या कपड्यांत वावरत होता. त्याने फेकली. ती निघाली ते कळलंच नाही, नुसती वर दिसली. धुक्याच्या वर, जिथे ऊन नुकतं पोचलं होतं तिथे थोडी रेंगाळली, आणि मग सावकाश, सरळ चिंचेत शिरली. कावळे उडाले. काकांनी यातलं काही पाहिलं नाही. ते त्याच्या हाताकडे बघत होते.

मुलगा वळला. हसत हसतच बापासमोर आला, पण हसू ओठांपुरतंच होतं, आणि त्याने डावा तळवा उघडून पुढे धरला. लहानपणी धरायचा तसाच, उताणा.

"घ्या," तो म्हणाला. "तपासा."

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"खडू संपलेत," ते म्हणाले.

आदल्याच दिवशी मी त्यांच्या खिडकीत खडूंनी भरलेला डबा पाहिला होता. त्यांनी तो तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याने मधोमध हळूहळू पुसायला लागले. तिथे काही नव्हतं. मुलाने हात ओढून घेतला नाही. मी ताटल्या आणायला चिंचेकडे निघाले. सगळ्या वेचून परत आले तेव्हाही काका पुसतच होते.